सातपुड्यातले वणवे मोजायचे, तर मोडिस की व्हीआयआरएस?

यावल अभयारण्यात किंवा तोरणमाळच्या उतारांवर वणवे खरंच वाढलेत का? हे तपासायला मोडिस आणि व्हीआयआरएस या उपग्रहांवरच्या आग टिपणाऱ्या उपकरणांच्या दोन नोंदी आहेत, दोन्ही नासाच्या ‘फर्म्स’ या आगींच्या संकेतस्थळावर फुकट.

मोडिसचं बळ त्याच्या वयात. ते ज्यांच्यावर बसवलंय, त्यातला टेरा उपग्रह डिसेंबर 1999 मध्ये अवकाशात गेला, अ‍ॅक्वा 2002 मध्ये. दोन दशकांहून लांब, एकाच जातीची नोंद दुसरीकडे मिळणार नाही. पण त्याचा ठिपका, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोन, 1 किलोमीटरचा. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवला, तर तेवढी आग त्यात सहज निसटते. शिवाय दोन्ही उपग्रहांची कक्षा आता ढळतेय, त्यामुळे माथ्यावरून जायची वेळही सरकते. अलीकडच्या वर्षांत घट दिसली तर हुरळून जाऊ नका.

व्हीआयआरएसचा ठिपका 375 मीटरचा, नोंद 2012 पासून. लहान आगी, विशेषतः रात्रीच्या, तो जास्त पकडतो. गंमत म्हणजे पायथ्याच्या शेतात पऱ्हाटी जाळली तरी तो ‘आग’च म्हणतो! म्हणून आधी वनहद्दीचा नकाशा लावून शेतातले ठिपके गाळावेत.

दोन्ही नोंदी एकापुढे एक जोडल्या, तर 2012 मध्ये वणवे एकदम भडकल्यासारखे दिसतील. भडकलेला असतो तो फक्त आकडा. माझं मत: दीर्घकालीन कलासाठी मोडिस, कुठल्या डोंगरावर जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढायची हे ठरवायला व्हीआयआरएस. आणि ठिपके म्हणजे जळालेलं क्षेत्र नव्हे. त्यासाठी मोडिसचाच 500 मीटरचा वेगळा नकाशा आहे.