व्हूश: गाडी चीनची, तिकीट माझं, हप्ते इंडोनेशियाचे

व्हूश म्हणजे इंडोनेशियातली अतिवेगवान रेल्वे. गाडीबद्दल आधी सांगून टाकतो, कारण तिथे तक्रारीला जागा नाही. जकार्ता ते बांडुंग 142 किलोमीटरचा मार्ग, वेग ताशी 350 पर्यंत. डब्यातल्या पडद्यावर आकडा चढायला लागला की सगळे मोबाइल बाहेर काढतात (मीही काढला). जकार्तातल्या हालीम स्टेशनहून बांडुंगजवळचं पडालारांग जेमतेम अर्धा तास. दर वेळेनुसार बदलतो, मला अडीच लाख रुपिया पडले.

पण खरी मजा हालीम गाठण्यात आहे. जकार्तात आसिआन या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या सचिवालयाशेजारी 'आसिआन' नावाचंच मेट्रो स्टेशन आहे, तिथून निघालो. ही मेट्रो 2019 ची, कर्ज जपानचं, डबेही जपानचे. दुकुह आतासला उतरून एलआरटी (हलकी शहरी रेल्वे) धरली. तिचे डबे इंडोनेशियातच बनलेत आणि ती मोटरमनशिवाय धावते. मग हालीमला ही लाल चिनी गाडी. 'दोन खडकांमधून नाव वल्हवायची' असं इंडोनेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान मोहम्मद हात्ता 1948 मध्ये परराष्ट्र धोरणाबद्दल म्हणाले होते. तेव्हाचे खडक अमेरिका आणि सोव्हिएत रशिया. आताचे खडक जपान आणि चीन, आणि तेच रूळ टाकून देतात.

या मार्गाचा अभ्यास आधी जपानने केला होता. 2015 मध्ये काम मात्र चीनला मिळालं, कारण चीनने सरकारी हमी मागितली नाही. सौदा झकास दिसत होता. पुढे खर्च सुमारे 1.2 अब्ज डॉलरने फुगला, 2021 मध्ये सरकारी तिजोरीतून पैसे घालायची वाट मोकळी करावी लागली, आणि 2025 मध्ये कर्जाच्या फेररचनेवरून जकार्तात वाद रंगला. जो भार नको म्हणून जपानला नकार दिला, तो शेवटी सरकारच्याच गळ्यात पडला.

रेल्वेचं काम चालू असतानाच चीनची तटरक्षक जहाजं इंडोनेशियाच्या नातुना बेटांजवळच्या समुद्रात आली होती. जानेवारी 2020 मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो स्वतः नातुनाला जाऊन आले. रेल्वेचा करार मात्र कुणी मोडला नाही. याला दुटप्पीपणा म्हणणारे भेटतील, मी म्हणणार नाही. समोरचा एवढा मोठा असला की भांडणाची वही वेगळी आणि देण्याघेण्याची वेगळी ठेवावी लागते. माझा आक्षेप दुसऱ्या वहीतल्या बेरजेला आहे.

प्रवासी म्हणून पाचपैकी चार. एक गुण कापला तो स्टेशनांच्या जागांसाठी. हालीम जकार्ताच्या मध्यापासून लांब, आणि शेवटचं स्टेशन तेगलुआर बांडुंग शहराच्या बाहेर. म्हणून शहरात जायचं असेल तर तिकीट पडालारांगचं काढा. तिथून बांडुंगच्या जुन्या स्टेशनपर्यंत जोडगाडी असते, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.