मान्यतेच्या नावाखाली विकलेली ब्रेक लाईटची जोडी

लातूर, रेणापूर, अंबाजोगाई या पट्ट्यात पिकअप किंवा छोटा टेम्पो चालवणाऱ्यांनी हा अनुभव अवश्य वाचावा, कारण ज्या वस्तूत माझी फसवणूक झाली ती गाडीच्या मागे असते, चालकाला दिसत नाही आणि तिच्यातला दोष सर्वांत आधी कळतो तो मागून येणाऱ्याला.

हरभऱ्याच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात ट्रॉलीचा धक्का लागून माझ्या पिकअपचा मागचा दिवा फुटला. पार्ट्सच्या दुकानात मूळ कंपनीचा दिवा मागितला असता दुकानदाराने तो शिल्लक नसल्याचे सांगून एलईडीची जोडी पुढे केली आणि ती ‘सरकारमान्य, पासिंगला चालणारी’ असल्याचे माझ्या चालकासमोर सांगितले. खोक्यावरील वर्तुळातले ‘ई’ हे मान्यतेचे चिन्हही त्याने बोट ठेवून दाखवले. १,८०० रुपये घेतले. पक्के बिल मागितल्यावर मात्र वहीच्या कागदावर ‘लाईट सेट’ एवढेच लिहून दिले.

दिवा दाखवण्याची त्याची पद्धत नीट समजून घ्यावी. दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या बाजूला त्याने बॅटरीला फक्त ब्रेकची वायर टेकवली, त्यामुळे उजेड डोळे दिपवणारा वाटला. टेलची, म्हणजे अंधारात मागे सतत लागून राहणाऱ्या मंद दिव्याची वायर त्याने जोडलीच नाही, आणि सारी लबाडी तिथेच होती. संयुक्त राष्ट्रांच्या नियमन क्रमांक ७ नुसार साध्या ब्रेक दिव्याची तीव्रता सरळ मागच्या दिशेने किमान ६० कँडेला (उजेडाच्या तीव्रतेचे एकक) असावी लागते, आणि टेल व ब्रेक एकाच दिव्यात असतील तर ब्रेकचा उजेड टेलच्या किमान पाचपट असावा लागतो. जुन्या दोन तारांच्या बल्बमध्ये ब्रेकची तार २१ वॅटची आणि टेलची ५ वॅटची असल्यामुळे हा फरक आपोआप राखला जातो. या जोडीत दोन्ही कामांसाठी तेच एलईडी वापरले होते. टेल लागलेला असताना ब्रेक दाबला तर उजेडात जेमतेम फरक पडत असे.

सोयाबीन घेऊन येताना रेणापूरजवळ एका टँकरने आमच्या मागे करकचून ब्रेक मारला. त्याचा चालक खाली उतरून म्हणाला, “अहो, तुम्ही थांबताय हे मागच्याला कळायला नको का?” त्याचे बोलणे शंभर टक्के खरे होते.

त्यानंतर आमच्या वायरमनने दिवा उघडला, तेव्हा आत पांढरे एलईडी आणि त्यांच्यावर पातळ लाल प्लॅस्टिक निघाले. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावरच्या पिवळसर लेपामुळे तो पांढरा दिसतो. त्याच्या उजेडात गडद लाल भाग थोडाच असल्याने लाल काचेतून फारसे काही बाहेर येत नाही. शिवाय एका उन्हाळ्यात ते प्लॅस्टिक विटून नारिंगी पडले होते. ब्रेकच्या दिव्याचा रंग लालच असला पाहिजे आणि तो पिवळ्याकडे किती झुकू शकतो याची मर्यादाही नियमांत आकड्यांनी बांधलेली आहे.

योग्यता तपासणीत निरीक्षकांनी गाडी नापास केली आणि फरक हातात धरून दाखवला. फुटलेल्या मूळ दिव्याच्या काचेतच वर्तुळातले ‘ई’, देशाचा क्रमांक, टेलसाठी ‘आर’ आणि ब्रेकसाठी ‘एस१’ ही अक्षरे उठावात ओतलेली होती. नव्या दिव्यावर केवळ कागदी स्टिकर होता व तो नखाने निघून आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार गाडीत परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो, प्रत्यक्षात मात्र खोटा माल विकणारा नामानिराळा राहतो आणि भुर्दंड गाडीवाल्याच्या माथी येतो, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

दुकानदाराने तो कागद आपला नसल्याचे सांगून हात वर केले. सुदैवाने पैसे मोबाईलवरून दिले असल्याने दुकानाच्या नावाची नोंद माझ्याकडे आहे. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून जिल्हा ग्राहक आयोगासाठी अर्ज तयार केला आहे. तिथे ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, मात्र तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. अशी जोडी ज्यांनी बसवली असेल त्यांनी आज संध्याकाळीच टेल चालू ठेवून कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगावे आणि मागे पन्नासेक पावलांवर उभे राहून पाहावे; फरक जाणवला नाही, तर ते दिवे उतरवून खोके, स्टिकर आणि मिळालेली चिठ्ठी पुरावा म्हणून जपून ठेवावी.