कातळसड्यावर जंगल बूट: दिवाळी ते मिरग

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर वरचेवर फिरणार असाल, तर महागडे ट्रेकिंग शूज घेण्याआधी कॅनव्हासचे साधे जंगल बूट वापरून बघा. काजूच्या बागांतले राखणदार घालतात ना, तेच. घोट्याच्या बरेच वरपर्यंत येणारे, जाड हिरव्या कापडाचे, खाली रबरी तळवा. मी दिवाळीच्या आधी घेतले, हजाराच्या आत मिळाले. तेव्हापासून मिरगाचा पाऊस पडेपर्यंत कातळशिल्पं (सड्याच्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं) बघायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर सड्यावर गेलो ते हेच बूट घालून.

सडा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला आधी सांगावं लागतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्ह्याचे थरावर थर साचले. त्याच काळ्या पाषाणावर पुढे लाखो वर्षं ऊन-पाऊस झाला, सिलिका, चुना वाहून गेला आणि लोह-ॲल्युमिनियम मागे उरलं. तोच आपला जांभा. त्याला सगळीकडे भोकं, कडा धारदार, नि वर सुटी खडी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभा पाणी धरत नाही. एप्रिल-मेमध्ये मैलभर चाललात तरी सावलीला झाड नाही की तोंड धुवायला डबकं नाही. समुद्र समोर दिसत असतो आणि तुम्ही वाळवंटात उभे असता.

अशा जमिनीवर जाड, कडक तळव्याचा नि खोल खाचांचा बूट मला गैरसोयीचा वाटतो. त्या खाचांत जांभ्याचे खडे अडकून बसतात आणि पाय ठेवला की आधी खडा टेकतो, मग बूट. जंगल बुटाचा रबर मऊ आहे, खाचा उथळ आहेत. कोरड्या कातळावर तो घट्ट धरतो आणि पायाखाली काय आहे ते कळतं. तोटाही त्यातच आहे. आतला पातळ इनसोल पहिल्याच महिन्यात चपटा झाला आणि लांब चाललं की टाचा भरून यायला लागल्या. जाड इनसोल वेगळा विकत घेऊन घातला, तेव्हापासून ती तक्रार नाही. बूट घेताना हा खर्च धरूनच घ्या.

कुसळांबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दसऱ्यानंतर सड्यावरचं गवत वाळतं आणि डिसेंबरपर्यंत नुसती कुसळं. जाळीदार कापडाचे हलके स्पोर्ट्स शूज इथे अगदी निरुपयोगी आहेत. कुसळाचं टोक जाळीतून आत शिरतं, मोज्यात वळतं आणि प्रत्येक पावलाला आणखी खोल जातं. ओढून काढायला गेलात तर टोक आतच राहतं. पुण्याहून आलेल्या एका ताई देवाचे गोठणे गावच्या सड्यावर दर पाच मिनिटांनी खाली बसून मोजे चाचपत होत्या. कॅनव्हासची वीण घट्ट असल्यामुळे कुसळ बाहेरच अडकतं, हाताने झटकता येतं. फक्त नाडीच्या भोकांपाशी आणि जिभेच्या कडेने शिरतं, तिथे पँट बुटावर ओढून घ्यायची. (देवाचे गोठणेला दिशा बघायला मोबाईलमधल्या होकायंत्रावर अजिबात विसंबू नका. शिल्पाजवळ सुई भरकटते, येणाऱ्या प्रत्येकाला ती गंमत दाखवतात.)

उंच बुटाचं खरं कारण मात्र फुरसं. हा साप लहान असतो, रंग मातकट, दगडाखाली, गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) फटींत बसलेला. डिवचलं की आठाच्या आकड्यासारखा वळतो आणि अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतो. विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. फेब्रुवारीत एका गडग्यापाशी आमच्यापासून दोन हातांवर होतं. बरोबरच्या गुराखीकाकांनी सगळ्यांना मागे सारलं आणि म्हणाले, "पाय आपटत चला रे, त्याला कळूदे कोण येतंय ते." सापाला जमिनीतली हादर कळते, त्यामुळे हा सल्ला उपयोगाचा आहे. कॅनव्हास म्हणजे चिलखत नव्हे, हेही तितकंच खरं. तरी घोटा उघडा ठेवणाऱ्या सँडलपेक्षा लाख पटीने बरं. दगड हाताने उचलून बघू नका. चावलाच, तर कापाकापी, आवळून बांधणं, मांत्रिक यात वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठा. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस फुरशावरही चालते.

बूट रात्री पडवीत ठेवत असाल, तर सकाळी उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालू नका. कोकणातला लाल विंचू हा काही किरकोळ प्रकार नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ करण्याआधी या विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, दगावत असत. मी बूट खुंटीला नाडीने टांगतो.

आता शिल्पांबद्दल. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. एकूण नऊ ठिकाणं, त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली, शिवाय सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमाळ. कशेळी गावचा कोरलेला हत्तीच सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. उक्षीसारख्या ठिकाणी कठडा आहे, बाहेरून नीट बघता येतं. पण बऱ्याच सड्यांवर कुंपणही नाही, पाटीही नाही. रेषा बोटभर खोल, कडा भुसभुशीत. कडेवर कडक टाच पडली की जांभ्याचे कण सुटतात, आणि सुटलेला कण परत बसवता येत नाही. मऊ तळव्याने हे नुकसान कमी होतं, थांबत नाही. म्हणून माझ्याबरोबर येणाऱ्याला मी चित्राच्या बाहेरच उभं करतो. फोटोसाठी मधोमध उभं राहायचं असेल तर माझ्याबरोबर येऊच नका, इतक्या स्पष्ट शब्दांत सांगतो. स्पेनच्या लांझारोते बेटावर तिमानफाया नावाचं ज्वालामुखीचं राष्ट्रीय उद्यान आहे. १७३० ते १७३६ च्या उद्रेकांतून तयार झालेली उजाड जमीन, १९७४ पासून संरक्षित. तिथे बहुतेक प्रवाशांना ठरलेल्या रस्त्याने बसमधूनच फिरवतात, लाव्ह्यावर पाय ठेवू देत नाहीत. आपल्याकडे माणसाच्या हातची हजारो वर्षांची रेघ आहे आणि तिच्यावरून मोटारसायकली जातात. मला हे बघवत नाही.

टिकाऊपणाचं म्हणाल तर कापड अजून ठणठणीत आहे, रंग तेवढा जांभ्याच्या धुळीने तांबूस झालाय, तो धुऊन जात नाही. उजव्या बुटाचा तळवा मार्चमध्ये पुढून सुटला. तापलेल्या कातळावर गोंद टिकत नाही. दुकानदाराने हात वर केले. स्टँडजवळच्या चर्मकारदादांनी दोन्ही तळवे नायलॉनच्या दोऱ्याने सबंध शिवून दिले, त्यानंतर मे महिना निभावला. माझं मत, नवे घेतल्या घेतल्याच शिवून घ्या.

घाम मात्र फार येतो. दुपारी बारानंतर पाय आत उकडून निघतात, त्यामुळे मार्चपासून पुढे सकाळी साडेनऊ-दहापर्यंत उतरायला लागायचं. सुती मोजे, एक जोडी पिशवीत जादा.

आणि पावसाळ्यासाठी हे बूट नकोतच. मिरगाच्या पहिल्या सरींनंतर कातळावर शेवाळ धरतं, त्यावर हा रबर सपशेल घसरतो. भिजलेलं कॅनव्हास जड होतं आणि आपल्या हवेत सुकायला दोन-तीन दिवस घेतं. श्रावण-भाद्रपदात सड्यावर सीतेची आसवं, गेंद फुलतात, ते बघायला मी प्लास्टिकचे पावसाळी सँडल घालतो आणि पायवाट सोडत नाही. आणि जंगल बूट एक नंबर मोठा घ्या, जाड इनसोल गेल्यावर आत जागा उरत नाही.