माणदेशी हातमागाची घोंगडी : घेताना काय बघावं

म्हसवड, खरसुंडी, आरेवाडीच्या यात्रांत घोंगड्यांचे ढीग लागतात. लांबून सगळ्या सारख्याच काळ्या दिसतात. हातात घेतली की आधी दशा बघाव्यात. शेवटाला सुटलेल्या दोऱ्यांतून एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काढा आणि काडी लावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, काडी बाजूला घेतली की धागा विझतो आणि राख बोटांत चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. दोन्ही धागे तपासायचेच, कारण बाणा, म्हणजे आडवा धागा, लोकरीचा आणि ताणा, म्हणजे उभा धागा, सुताचा किंवा ॲक्रिलिकचा असाही माल बाजारात येतो. सुती ताण्याची घोंगडी ओलीतच राहिली तर घडीवर लवकर फाटते. लोकर तग धरते, सूत आधी कुजतं.

रंगाचीही परीक्षा घ्या. दख्खनी मेंढराची काळी लोकर जन्मजात काळी असते आणि उन्हात धरली की तिला तपकिरी झाक दिसते, मधूनच एखादा करडा केस चमकतो. सगळीकडे एकसारखी कुळकुळीत काळी दिसली की ओलं पांढरं फडकं जोरात घासून बघा. फडकं काळं झालं तर ती रंगवलेली आहे आणि पहिल्याच पावसात अंगावरचा सदरा खराब करणार.

नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ लागते, तिला उग्र वास येतो, म्हणून पुष्कळ लोक ती बाजूला ठेवून मऊ घोंगडी उचलतात. इथेच फसगत होते. हाताने कातलेला धागा केसाळ आणि कमीजास्त जाडीचा असतो. तो मागावर तुटू नये म्हणून सणगर आणि खुटेकर विणकर चिंचोक्याची खळ शिजवून कुंच्याने ताण्याला लावतात. ताठपणा त्या खळीचा. दोन-तीन महिने वापरात राहिली की खळ झडते आणि घोंगडी अंगासरशी होते. पहिल्या स्पर्शालाच मऊ लागणारी बहुतेक वेळा गिरणीच्या धाग्याची निघते. एकच खरा अपवाद जावळाचा. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर बारीक आणि मऊ असते, तिची घोंगडी खळ असूनही टोचत नाही.

आता टोचण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच असतात. दख्खनी लोकर मुळात जाड, त्यामुळे थोडी खरखर राहणारच. पण सुईसारखं टोचत असेल तर ते लोकरीचं काम नव्हे. घोंगडी उजेडात धरा आणि धाग्यात अडकलेले पिवळट तुकडे शोधा. ती कुसळं असतात, कधी गोखरूचे काटे. पिंजताना ती पूर्ण निघत नाहीत, धाग्याबरोबर कातली जातात.

ती येतात चराईच्या रानातून. चांगल्या गायरानात मऊ गवत, बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा मिळतात. त्याच त्याच तुकड्यावर सगळ्या गावाची जनावरं फिरली की गोड गवत आधी संपतं आणि कुसळी, वेडी बाभूळ उरते. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात मेंढपाळाचं रान सगळ्या बाजूंनी आक्रसलं आहे. गायरानावर कुठे अतिक्रमण, कुठे सौर प्रकल्पाचं तारकुंपण, कुठे वनीकरणाचे चर आणि चराईबंदी. टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं ही दुष्काळी गावांसाठी मोठी गोष्ट, पण पडीक रान डाळिंब-द्राक्षाखाली गेलं आणि खतासाठी मेंढरं बसवायला लागणारी मोकळी शेतंही कमी झाली. दिवाळीनंतर वाडे, म्हणजे मेंढपाळांचे फिरते तळ, कृष्णाकाठाला, काही घाट उतरून कोकणात जातात. त्यांच्या वाटा आता कुंपणांना वळसे घालत जातात. घोंगडीतलं कुसळ त्याचीच खूण, म्हणून विणकरावर चिडण्यात अर्थ नाही.

या मेंढपाळांना रानावर हक्कच नाही असं समजू नये. २००६च्या वन हक्क कायद्यात कलम ३(१)(घ) खाली चराईचा हक्क आहे, तोही स्थायिक आणि फिरत्या दोघांचा, आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा उल्लेख वेगळा केलेला आहे. अडचण पुराव्याची आहे. हे मेंढपाळ बहुतेक धनगर, आणि महाराष्ट्रात धनगर भटक्या जमाती-क मध्ये येतात, अनुसूचित जमातीत नाहीत. त्यामुळे त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वनातलं वास्तव्य दाखवावं लागतं. आठ महिने वाटेवर असणाऱ्या वाड्याने ते कुठल्या कागदावर दाखवायचं? चराईचा हक्क ग्रामसभेमार्फत सामूहिक दाव्यातही मागता येतो, पण वाडा ज्या गावात चार दिवस उतरतो, तिथल्या ग्रामसभेत त्याचं नाव नसतं.

लोकरीचा दुसरा धोका जातीचा. जत तालुक्यातलं माडग्याळ हे उंच, फुगीर नाकाचं मेंढरू मटणाला चांगला भाव देतं, म्हणून दख्खनी मेंढरांच्या खांडात, म्हणजे कळपात, माडग्याळ नर सोडले जातात. मेंढपाळाची यात चूक नाही, कारण कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून निघेनाशी झाली आहे. पण माडग्याळच्या अंगावर कातण्याजोगी लोकर फारशी नसते, संकरातही ती घटते आणि केसाळ होते. अशा धाग्याची घोंगडी चोळली की केस गळतात. विकत घेताना तळहाताने दहा-बारा वेळा जोरात घासा. थोडे केस सुटणं ठीक, मूठभर गोळा झाले तर घेऊ नका.

किमतीबद्दल स्पष्टच सांगायचं तर पाचशेला मिळणारी घोंगडी हातमागाची असूच शकत नाही. दख्खनी मेंढराची वर्षाच्या दोन कातरण्यांची मिळून लोकर जेमतेम अर्धा-पाऊण किलो. पिंजताना त्यातली माती आणि कचरा वजा होतो. अडीच किलोच्या घोंगडीला पाच-सहा मेंढरांची वर्षाची लोकर जाते. पिंजण, चरख्यावर कातणं, ताणा, खळ आणि विणकाम धरून आठवडाभराचं काम होतं, आणि कातण्याचं काम बहुतेक घरांत बायका करतात. दोन-अडीच हजारांच्या खाली खरी घोंगडी कुणी देत असेल तर कुणाची तरी मजुरी बुडते आहे.

वापराला ही वस्तू उत्तम आहे. ओलसर जमिनीवर अंथरली तर खालचा गारवा वर येत नाही. खोळ करून डोक्यावरून घेतली की भुरभुरीत तास-दीड तास आतला माणूस कोरडा राहतो. मुसळधारेत मात्र भिजते आणि इतकी जड होते की खांदे दुखतात. गरम पाणी आणि डिटर्जंट लावू नका, लोकर आटते आणि कायमची गठ्ठ होते. थंड पाण्यात रिठा घालून बुडवा, पिळू नका, सावलीत सपाट पसरून वाळवा. दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने लांब ओघळते. खळीच्या वासाने झुरळं येतात आणि बंद पेटीत कसर लागते. म्हणून पावसाळ्यानंतर दोन कडक उन्हं द्या आणि घडीत कडुलिंबाचा सुका पाला घाला. कसर लागलेली दिसली तर घोंगडी झटकून आधी उन्हात टाका, कारण अळ्या घडीच्या आतल्या अंधारात वाढतात.

साधी घोंगडी यात्रेत निवडून घेता येते, पण जावळाची हवी असेल तर विणकराला कातरणीआधीच सांगून ठेवा. कोकरांची लोकर मेंढपाळाला वेगळ्या पोत्यात भरावी लागते. ती एकदा मोठ्या ढिगात मिसळली की परत निवडता येत नाही.