लीचेसची कोडी : बिनतोड मात शोधण्याचा सराव कितपत होतो?

बुद्धिबळाची कोडी सोडवण्यासाठी वर्गणी मागणारी संकेतस्थळे आता पुष्कळ झाली आहेत. त्या गर्दीत लीचेस अजूनही पूर्णपणे मोफत आहे, तेथे एकही जाहिरात दिसत नाही आणि सारा खर्च देणग्यांतून भागवला जातो. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ आता एक ना-नफा संस्था चालवते. त्याच्या कोड्यांचा साठा ५० लाखांच्या वर गेला आहे आणि तो कोणालाही उतरवून घेता येतो. मी येथे त्यातील एकाच अंगाविषयी लिहीत आहे, ते म्हणजे प्रतिस्पर्ध्याने काहीही केले तरी न टळणारी मात शोधण्याचा सराव.

ही कोडी कोणी बसून रचलेली नाहीत. लीचेसवर खेळल्या गेलेल्या डावांतून स्टॉकफिश या संगणकीय इंजिनच्या साहाय्याने ती वेचून काढली जातात आणि या सेवेची खरी किंमत माझ्या मते येथेच आहे. रचनाकारांच्या ‘दोन खेळींत मात’ या प्रकारातील कोड्यांत पहिली खेळी सहसा शांत, शह न देणारी असते. ती कोडी देखणी असतात, पण तसे पट प्रत्यक्ष डावात क्वचितच समोर येतात. लीचेसवर मात्र किल्लेकोट करून निर्धास्त झालेला राजा, मागची रांग मोकळी टाकून पुढे गेलेला हत्ती, घरातून न हललेला उंट अशी आपल्याच डावांतली दृश्ये भेटतात. कोडे उघडल्यावर प्रतिस्पर्ध्याची शेवटची खेळी डोळ्यांसमोर खेळली जाते आणि मग आपली पाळी येते. मात आहे की केवळ एखादा मोहरा मिळणार आहे, हे सांगितले जात नाही, आणि ते योग्यच आहे.

एक नमुना घेऊ (घराच्या नावातील अक्षर उभी रांग दाखवते, आकडा आडवी). पांढऱ्याचा राजा जी१ वर, वजीर सी४ वर आणि घोडा जी५ वर आहे. काळ्याचा राजा एच८ वर, हत्ती डी८ वर, वजीर दूर बी२ वर आणि प्यादी जी७ व एच७ वर आहेत. खेळी पांढऱ्याची आहे. ज्याने वजिराच्या बलिदानाची ही जुनी युक्ती एकदा पाहिली आहे, त्याचा हात लगेच वजीर जी८ कडे वळतो, कारण हत्तीने तो वजीर मारला की घोडा एफ७ वर जाऊन मात होते. पण काळा हत्तीने कशाला मारील? जी५ वरच्या घोड्याचा जी८ वर जोर नसल्याने राजाच तो वजीर फुकटात खातो. म्हणून आधी घोडा एफ७ वर नेऊन शह द्यावा लागतो. राजाला जी८ खेरीज घर नसते. मग घोडा एच६ वर येतो आणि वजीर व घोडा या दोघांचा दुहेरी शह बसतो, ज्यात एच६ वरचा घोडा मारण्याचीही सोय उरत नाही, कारण वजिराचा शह तसाच राहतो. राजा एच८ वर परतला की आता वजीर जी८ वर टाकता येतो. घोड्याचा जोर असल्याने राजाला तो मारता येत नाही, हत्तीलाच मारावा लागतो, आणि घोडा एफ७ वर परत येऊन स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला मात देतो. या युक्तीला अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिडोरचे नाव चिकटले असले, तरी लुसेना या स्पॅनिश लेखकाच्या १४९७ मधील बुद्धिबळाच्या पुस्तकात ती आधीच आलेली आहे.

असे कोडे लीचेसवर सोडवताना दुहेरी शहानंतर यंत्र राजाला एच८ वर नेते, कारण त्या मार्गाने मात एका खेळीने लांबते. राजा एफ८ वर गेला असता तर काय, हा प्रश्न सोडवणाऱ्याला विचारलाच जात नाही. (उत्तर सोपे आहे : वजीर एफ७ वर, घोड्याच्या जोरावर, आणि तेथेच मात.) माझा मुख्य आक्षेप हाच आहे. सर्व बचाव तपासल्याशिवाय मात बिनतोड आहे असे म्हणता येत नाही, पण ही सेवा एकाच बचावाचा हिशेब मागते आणि हिरवी खूण देऊन मोकळी होते. वहीत उत्तर लिहून घेणारा शिक्षक ‘आणि राजा इकडे आला तर?’ असे विचारतो. येथे ते काम आपले आपल्यालाच करावे लागते. त्यासाठीची सोय मात्र उत्तम आहे. कोडे संपल्यावर विश्लेषणाचा पट उघडला की स्टॉकफिश तेथे तयार असते आणि सुचेल तो बचाव खेळून पाहता येतो.

विषयवार विभागांबद्दल माझे मत संमिश्र आहे. ‘दोन खेळींत मात’, ‘मागच्या रांगेतील मात’, ‘अरबी मात’ (हत्ती व घोड्याने कोपऱ्यात दिलेली) असे विभाग निवडता येतात आणि नवख्याला आकृत्या ओळखीच्या होईपर्यंत ते फार उपयोगी पडतात. परंतु मात आहे हे आधीच ठाऊक असले, की शोध निम्मा संपतो. त्यामुळे थोडी तयारी झाली की सर्व विषयांची मिसळ निवडणेच बरे. पझल स्टॉर्म या तीन मिनिटांच्या शर्यतीत मजा आहे, पण तेथे नजर तयार होते, गणन नव्हे. मुलांना आधी स्ट्रीक द्यावी : तिला घड्याळ नसते आणि एक चूक झाली की मालिका संपते, त्यामुळे हात आपोआप आवरला जातो.

गुणांकन, म्हणजे सोडवणाऱ्याचे बळ दाखवणारा आकडा, ग्लिको-२ या गणिती पद्धतीने चालते आणि ते बंदही ठेवता येते. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यानंतर आपल्याकडील ज्या पालकांनी मुलांच्या हाती पट दिला आहे, त्यांनी ते सुरुवातीला बंदच ठेवावे, कारण कोड्यांतील आकडा आणि डावांतील आकडा वेगवेगळे असतात व पहिला बहुधा दुसऱ्यापेक्षा बराच फुगलेला दिसतो. मोबाइल ॲप काही कोडी आधीच उतरवून ठेवते, त्यामुळे घाटात नेटवर्क गेले तरी सराव थांबत नाही. मांडणीत मराठीचा पर्याय आहे. पैसे मोजून घेतलेल्या कोणत्याही सेवेआधी ही वापरून पाहावी, असे मी नि:संकोच सुचवीन; फक्त शेजारी एक वही ठेवावी आणि पहिली खेळी करण्यापूर्वी काळ्याची सगळी उत्तरे तीत लिहून काढावीत.