पी.टी.चा तास: सांघिक खेळ, व्यायाम की रोजची धाव?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम करावा. एवढं सगळं शाळेत होणार नाही. पण हाताशी असलेल्या वेळेत जास्तीत जास्त मुलं कशाने हलतील, हे शाळेला ठरवता येतं.

सांघिक खेळ मुलांना सगळ्यात प्रिय, आणि लहानपणी शिकलेला खेळ मोठेपणीही साथ देतो. पण जरा हिशेब मांडा. वर्गात ४० मुलं आणि फुटबॉल एक. मैदानात २२, बाहेर १८. आतल्यांपैकीही चेंडू सारखा त्याच चार-पाच चपळ मुलांकडे जातो. ज्याला व्यायामाची सर्वाधिक गरज आहे, ते मूल कडेला उभं राहतं. याला उपाय आहे: चार-चार जणांचे संघ, छोटी मैदानं, चेंडू पाच. तुमच्या शाळेत काय चाललंय हे पाहायचं असेल, तर वर्गातलं सगळ्यात संथ मूल निवडा आणि ते तासात किती मिनिटं खरंच हललं, तेवढंच घड्याळ लावून मोजा.

व्यायामाच्या तासाला ही अडचण नाही. एका कोपऱ्यात दोरीउड्या, दुसऱ्यात जोर, तिसऱ्यात बैठका, आणि गट फिरते. जागा कमी लागते, सगळे एकाच वेळी घाम गाळतात आणि ताकदीचं काम फक्त इथेच नीट होतं. धोका कंटाळ्याचा आणि चाचण्यांचा. २० मीटरच्या शटल रनमध्ये (दोन रेषांमध्ये वाढत्या वेगाने ये-जा धावण्याच्या चाचणीत) जो आधी थांबतो, तो सगळ्यांच्या नजरेसमोर थांबतो. अशा चाचणीचा आकडा फक्त त्या मुलाला आणि पालकांना कळावा, तुलना त्याच्याच मागच्या आकड्याशी व्हावी. आणि उशीर झाला, गृहपाठ राहिला म्हणून बैठका काढायला लावण्याची पद्धत असेल, तर ती आधी बंद करा. शिक्षा म्हणून केलेला व्यायाम कुठलंही मूल आवडीने करणार नाही.

रोजची धाव सर्वात सोपी. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका इलेन वायली यांनी २०१२ मध्ये 'डेली माइल' सुरू केला: रोज १५ मिनिटं, शाळेच्याच कपड्यांत, आपापल्या वेगाने, धाप लागली तर चालत. पाच दिवसांत ७५ मिनिटं होतात आणि वर्गशिक्षकही ती घेऊ शकतात. यातून हातांची ताकद किंवा चेंडू झेलण्याचं कौशल्य मात्र येत नाही. म्हणून धाव सुरू केली या सबबीवर पी.टी.चा तास कापू देऊ नका.

माझा कौल: प्राथमिक वर्गांना रोजची धाव आणि पी.टी.च्या तासाला छोट्या संघांचे खेळ. माध्यमिकला व्यायामाचा तास, त्यात नृत्य, दोरी, धावणं असे पर्याय. या वयात मुली मागे पडतात, त्यांच्याकडे खास लक्ष हवं. २०१६ च्या जागतिक आकडेवारीत ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होतं.

पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील, तर साहित्याआधी शिक्षकाच्या प्रशिक्षणावर घाला. कॅलिफोर्नियातल्या 'स्पार्क' या शालेय पी.टी. कार्यक्रमाच्या १९९७ च्या अभ्यासात तज्ज्ञ क्रीडाशिक्षकाच्या तासांना मुलं आठवड्याला ४० मिनिटं सक्रिय राहिली, प्रशिक्षण मिळालेल्या वर्गशिक्षकांकडे ३३, आणि नेहमीच्या तासांना १८. शाळेबाहेरची हालचाल मात्र वाढली नाही. संध्याकाळी मुलांना खेळायला सोडणं हे काम पालकांकडेच राहतं.