जर्मनीतल्या लाइपझिगचं थॉमस चर्च, आठ महिने दर शुक्रवारी: गाणारे पाठीमागे असतात त्याबद्दल

गुड फ्रायडेच्या मॅथ्यू पॅशनचं (संगीतकार बाखने येशूच्या यातना आणि मृत्यूवर रचलेलं मोठं गाणं) तिकीट मी एका तिकीट विकणाऱ्या वेबसाइटवरून घेतलं, मूळ किमतीवर तिने साडेअकरा युरो चढवले आणि "या सीटवरून कॉयर दिसत नाही" ही ओळ पैसे भरून झाल्यावर आलेल्या पीडीएफमध्ये तळाला बारीक अक्षरात सापडली. फोन लावला तर बावीस मिनिटं होल्डवर, मेलला तिसऱ्या दिवशी उत्तर, पैसे परत नाहीत. सगळे मिळून बहात्तर युरो. त्याच चर्चमध्ये त्याच मुलांच्या कॉयरचं गाणं शुक्रवारी संध्याकाळी तीन युरोत ऐकायला मिळतं, म्हणजे माझे चोवीस शुक्रवार एका फटक्यात गेले. मी भाजीसुद्धा शनिवारी बाजार उठायच्या वेळी जाऊन घेते, त्यामुळे हा आकडा अजून डोक्यातून जात नाहीये. त्याच रागात लिहायला बसले होते, पण पॅशन ऐकून आल्यावर सीटबद्दलचं मतच बदललं, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

बाख इथे १७२३ ते १७५० कँटर, म्हणजे चर्चचा संगीतप्रमुख होता, थोमानर हा इथल्या मुलांचा कॉयर १२१२ पासूनचा, हे इथे यायचा विचार करणाऱ्यांना माहीत असतंच. शुक्रवारी सहाला आणि शनिवारी तीनला जे होतं त्याला मोटेट म्हणतात. ती कॉन्सर्ट नाही, प्रार्थनाच आहे, मधे बायबलचं वाचन, छोटं प्रवचन, शेवटी आशीर्वाद. शनिवारी बहुतेक वेळा बाखचा एक कँटाटा (अनेक भागांची धार्मिक गायनरचना) ऑर्केस्ट्रासकट असतो. तिकीट नाही, नंबर नाही, दारात तीन युरोचं कार्यक्रमपत्रिकेचं पत्रक घ्यायचं आणि जागा मिळेल तिथे बसायचं.

आता मुद्दा. मधल्या बाकांवर बसलं की आपलं तोंड वेदीकडे आणि कॉयर मागच्या म्हणजे पश्चिमेच्या गॅलरीत, मोठ्या पाइप ऑर्गनशेजारी. गाणारे पूर्ण वेळ आपल्या पाठीमागे! मी पुण्यात सवाईला भारतीय बैठकीत मांडी घालून मोठी झालेली मुलगी, गाणाऱ्याचा हात कुठे वर जातो, तबलजीकडे बघून कधी हसतो, समेवर आपली मान आपोआप कशी हलते, हे बघितल्याशिवाय गाणं ऐकलंय असं मला वाटतच नाही. ऑक्टोबरात पहिल्या शुक्रवारी मी चार वेळा मान वळवून मागे बघितलं. शेजारच्या आजींनी माझ्या दंडावर हलकेच हात ठेवला आणि बोटाने समोर दाखवलं. रागावल्या नव्हत्या, पण मला खूप अवघडल्यासारखं झालं. नोव्हेंबरात मी वहीत लिहून ठेवलं होतं, "गाणं दहापैकी दहा, बैठक दहापैकी तीन."

ते तीन आता खोडलेत.

डिसेंबरात एका शुक्रवारी गर्दी होती म्हणून खूप पुढे जागा मिळाली, अगदी वेदीजवळ. तिथे जमिनीत ब्राँझची पाटी आहे, बाखची कबर. त्याच्या अस्थी १९५० पासून इथे आहेत, आधी ज्या चर्चमध्ये होत्या ते युद्धात पडलं. कुणीतरी चार पांढरी फुलं ठेवली होती, देठांना ओला पेपर नॅपकिन गुंडाळलेला. त्या दिवशी "येझू, माइनं फ्रॉयड" होतं, त्याचाच मोटेट (कॉयरसाठीच्या अशा रचनेलाही मोटेटच म्हणतात). सुरू व्हायच्या आधी मागे वर इतक्या मुलांनी एकदम श्वास घेतला तो ऐकू आला, खरंच ऐकू आला, आणि मग पहिला सूर. डोळ्यासमोर ती पाटी आणि फुलं, आणि त्याचं गाणं माझ्या डोक्यावरून पुढे त्याच्याकडे चाललेलं. त्यानंतर मी मागे वळून बघितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट जी यूट्यूबवर कधीच कळणार नाही. मधे एक भजन सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं असतं, त्याचं नोटेशन पत्रकावर छापलेलं असतं. मागचा मोठा ऑर्गन साउअर नावाच्या कारागिराने बनवलेला, १८८९ चा, आणि त्याचे खालचे सूर लागले की लाकडी बाक थरथरतो. तुम्ही उभे असता, हात पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवलेला असतो आणि तळहाताला मुंग्या आल्यासारखं होतं. मला जर्मन वाचता येतं पण त्या चाली येत नव्हत्या, पहिले दोन महिने नुसते ओठ हलवले, आता मोठ्याने म्हणते. दुसरा ऑर्गन २००० साली बसवलेला, खास बाखसाठी, तो उत्तरेच्या गॅलरीत आहे, म्हणजे आवाज डावीकडून वरून येतो. डोळे मिटूनसुद्धा कळतं आज कुठला वाजतोय.

एप्रिलमध्ये आई आली होती. तिला मी आधीच सांगून ठेवलं की गाणारे दिसणार नाहीत, वाईट वाटून घेऊ नकोस. ती म्हणाली, "काकडआरतीला गुरुजींची पाठच असते ना आपल्याकडे, कोण तक्रार करतं?" मी सुरुवातीला ज्यावर अडून बसले होते ते तिने कोट काढता काढता सोडवून टाकलं. तासभर ती हात जोडून बसली होती. टाळ्या वाजवायच्या नसतात हेही तिला सांगावं लागलं नाही.

आणि मग ते बहात्तर युरोचं पॅशन. वाचून गेले होते की १७३६ मध्ये बाखने हे इथे केलं तेव्हा समोर वर, वेदीच्या बाजूला, एक छोटी गॅलरी होती, तिच्यातही ऑर्गन होता, आणि सुरुवातीच्या दोन कॉयरच्या गाण्यावर एक तिसरी चाल वेगळी तरंगते ती त्याने तिकडून आणली. म्हणजे लोक मधे आणि गाणं दोन्हीकडून. ती गॅलरी पुढे काढून टाकली. "सीटवरून दिसत नाही" ही ज्याची तक्रार मी वेबसाइटकडे करत होते, ते बाखने हे रचताना गृहीतच धरलं होतं, त्याला लोकांच्या दोन्ही बाजूंनी आवाज हवा होता. पावणेतीन तास मी समोर बघत बसले. "एर्बार्म डिश" ("दया कर") या गाण्याला मागून व्हायोलिन सुरू झालं तेव्हा शेजारचा माणूस रडत होता, त्याला कोणी बघत नव्हतं, कारण सगळेच पुढे बघत होते. मलाही मोकळेपणी रडता आलं. साडेअकरा युरोंचा राग अजून आहेच, तो त्या वेबसाइटवर. सीट मात्र चांगली होती.

पैशावरून आठवलं, बाखने १७३० मध्ये एका मित्राला पत्र लिहिलंय, की इथे सगळं फार महाग आहे, आणि आदल्या वर्षी हवा चांगली असल्यामुळे लोक कमी मेले म्हणून अंत्यविधीच्या गाण्याचे शंभराहून जास्त थालर (तेव्हाची चांदीची नाणी) बुडाले. चर्चबाहेरच्या त्याच्या पुतळ्याच्या कोटाचा एक खिसा उलटा बाहेर काढलेला आहे. दर महिन्याच्या शेवटी भाड्याचे पैसे वळते केले की मला तो खिसा आठवतो आणि बरं वाटतं.

येणाऱ्यांसाठी: मी सव्वापाचला रांगेत असते, डिसेंबरात त्याच्याही आधी या. पत्रकासाठी सुटे पैसे ठेवा. बाक कडक आहेत, जाड स्वेटर घडी करून खाली घ्या. शाळेच्या सुट्टीत आणि दौऱ्यावर असताना थोमानर गात नाहीत, पाहुणे कॉयर असतात, मी एकदा न बघता मैत्रिणीला ड्रेस्डेनहून बोलावून घेतलं होतं, म्हणून वेळापत्रक बघूनच निघा. आणि तोंडं बघायचीच असतील तर बाजूच्या गॅलरीत जागा मिळते का बघा. मी या शुक्रवारी पुढेच बसणारे, पाटीजवळ. आईने फोनवर सांगितलंय, माझ्याकडून चार फुलं ठेव.